माधुरीतून नाच वजा करू नका

दर वर्षी १५ मे, म्हणजे माधुरी दीक्षितचा वाढदिवस, जवळ आला की तिच्या हसण्याचं आणि नाचण्याचं कौतुक सुरू होतं, आणि पाठोपाठ तो जुना वाद येतो. कुणीतरी विचारतं, 'नाच आणि हसू बाजूला ठेवा, मग सांगा, अभिनेत्री म्हणून ती कुठे उभी राहते?' दुसरा लगेच स्मिता पाटीलचं नाव घेतो. मग माधुरीचे चाहते साक्षीदार उभे करतात. 'प्रहार'मध्ये मेकअपशिवाय वावरलेली माधुरी, 'मृत्युदंड'मध्ये नवऱ्यासमोर ठाम उभी राहिलेली केतकी. बघा, इथे ती नाचत नाही, तरी किती चांगली आहे! मला यातल्या आरोपापेक्षा बचाव जास्त खटकतो. कारण बचाव करणाऱ्यांनी आरोप करणाऱ्यांची अट मुकाट मान्य केलेली असते. नाच म्हणजे अभिनय नव्हे, म्हणून तो आधी वजा करायचा आणि जी बाकी उरेल तिलाच गुण द्यायचे, हे दोन्ही बाजूंनी ठरवूनच टाकलेलं असतं.

ही वजाबाकीच मला मान्य नाही. माधुरीचा सर्वांत चांगला अभिनय तिच्या गाण्यांत आहे. ती गाणी म्हणजे अभिनयाच्या मधली सुट्टी नव्हे. हिंदी चित्रपटाने नायिकेला जी जागा दिली, त्या जागेत एका नटीने केलेलं ते काम आहे. ते वगळून तिची कारकीर्द मोजायची, तर मग बालगंधर्वांची भामिनीही पदं वगळून मोजा. उरेल काय? आणि जे उरेल त्याला 'मानापमान'मधली भामिनी म्हणायचं कशाच्या आधारावर?

विरोधातले मुद्दे पोकळ नाहीत, हे आधीच मान्य करते. सर्वांत मजबूत मुद्दा भूमिकांचा आहे. १९८४ च्या 'अबोध'नंतर चार वर्षं तिचे चित्रपट एकामागून एक पडत होते. तेव्हा मिळेल ती भूमिका घेतली असेल, हे समजू शकतं. पण 'तेजाब', 'दिल', 'बेटा' यांच्यानंतर तिच्याकडे निवड करण्याची ताकद आली होती. हिंदीतल्या मोजक्याच नट्यांना ती कधी मिळाली असेल. तरीही नव्वदच्या दशकातल्या तिच्या कितीतरी चित्रपटांच्या गोष्टी आज आठवत नाहीत, कारण त्या नायकाच्या गोष्टी होत्या आणि ती त्यांच्या कडेला उभी होती. 'मृत्युदंड' १९९७ साली आला, म्हणजे दशक सरत आल्यावर. तसे आणखी दोन-चार चित्रपट त्याआधी करायला तिला कुणी अडवलं होतं? समांतर चित्रपटाची लाट तोवर ओसरली होती, हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. दुसरा मुद्दा श्रेयाचा. पावलं सरोज खान यांची, आवाज अलका याज्ञिक, अनुराधा पौडवाल किंवा कविता कृष्णमूर्ती यांचा. मग माधुरीचं त्यात काय? आणि तिसरा मुद्दा नजरेचा, तोही गंभीर आहे. त्या गाण्यांतला कॅमेरा बऱ्याचदा बाईकडे माणूस म्हणून बघतच नव्हता.

या मुद्द्यांकडे येतेच. पण त्याआधी आपण मराठी माणसं 'अभिनय' हा शब्द कसा वापरतो ते बघायला हवं, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आपण व्यवहारात एकच ठेवला, वाचिक. 'काय संवादफेक आहे!' ही आपल्याकडची नटाला मिळणारी सर्वांत मोठी पावती. याचं कारण आपल्या रंगभूमीच्या इतिहासात आहे. संगीत नाटकात पदामागून पद येत गेलं, 'वन्स मोअर'ने कथानक अडून राहू लागलं, तेव्हा त्याविरुद्ध रास्त बंड झालं. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं आणि गद्य, वास्तव, आवरलेला अभिनय हा नव्या काळाचा आदर्श ठरला. त्या बंडाचा मला आदरच आहे. पण त्याच नाटकात ज्योत्स्ना भोळे गात होत्या, हे आपण सोयीस्कर विसरतो. बंड गाण्याविरुद्ध नव्हतंच. पात्राला सोडून भरकटणाऱ्या गाण्याविरुद्ध होतं. पात्राच्या आतून येणारं गाणं त्या मंडळींनाही हवं होतं. आपण मात्र त्यातून सोपा निष्कर्ष काढला की बोलतो तो नट, आणि गाणारा किंवा नाचणारा हा दुसराच कुणीतरी.

'पिंजरा'विषयी लोक कसं बोलतात ते आठवून बघा. १९७२ चा चित्रपट, आजही घराघरात माहीत असलेला. डॉ. श्रीराम लागूंनी मास्तर रंगवला, असं आपण म्हणतो. संध्या? संध्या नाचल्या. पण त्या गोष्टीत मास्तर ढासळतो तो कशामुळे? नाचणाऱ्या बाईने आपल्या नाचातून त्याच्यावर जे केलं, त्यामुळेच ना? तिच्या नाचात डिवचणं नसतं, सूड नसता, आणि पुढे जाऊन माया नसती, तर लागूंच्या चेहऱ्यावर प्रतिक्रिया तरी कशाची उमटली असती? समोरासमोर दोन माणसं एकच प्रसंग उभा करत असताना एकाच्या कामाला अभिनय म्हणायचं आणि दुसरीच्या कामाला नाच, हा न्याय मला कधीच समजला नाही.

आता 'एक दो तीन' बघा. हजारदा पाहिलेलं असेल, म्हणूनच पुन्हा बघा म्हणते. एन. चंद्रा यांच्या 'तेजाब'मधली मोहिनी स्टेजवर नाचते, कारण तिचा बाप तिच्या नाचण्यावर जगतो. तिला ते नको आहे. जिवलग माणूस तिच्यापासून तुटला आहे, शहरातून तडीपार आहे. आणि समोर हजारोंचा जमाव 'मोहिनी, मोहिनी' म्हणून ओरडतो आहे. या परिस्थितीत तिने जे गाणं म्हणायचं, ते वाट बघण्याचं आहे. एकेक दिवस, एकेक तारीख मोजत कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं. म्हणजे नटीपुढचं काम काय होतं? जमावासाठी उसळत राहायचं, बापाच्या धाकात राहायचं, आणि गाण्याचे शब्द तिसऱ्याच माणसासाठी म्हणायचे, तेही एकाच वेळी. माधुरी हे तिन्ही करते. अंगाने ती त्या जमावाची आहे. चेहरा मात्र मोजदाद करतो आहे. तारीख पुढे सरकते तसतसं तिचं बघणं बदलत जातं. एखादा आकडा ती लाडाने घेते, एखाद्यावर रुसते, एखादा नुसताच टाकून देते. एक ते तेरा हे आकडे कुणीही म्हणेल, कारण आकड्यांना अर्थ नसतो. अर्थ त्यात घालावा लागतो. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकरांसारखी कलावंत जागची न उठता एकाच ओळीला निरनिराळ्या अदांनी निरनिराळे अर्थ द्यायची. त्या परंपरेच्या मातीत राहणाऱ्या आपल्याला तरी हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

श्रेयाच्या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. सरोज खान यांचा वाटा प्रचंड होता, आणि तो मोठ्याने सांगितला पाहिजे. 'तेजाब'च्या वेळी फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला आणि तो पहिला त्यांना मिळाला. तोवर ही कामगिरी कुणी मोजतच नव्हतं. पण म्हणून माधुरीचं काम कमी होतं का? 'नटसम्राट'मधली स्वगतं शिरवाडकरांनी लिहिली, आप्पासाहेब बेलवलकरांनी रंगमंचावर कुठे उभं राहायचं ते दिग्दर्शकाने ठरवलं. त्यामुळे डॉ. लागूंचा अभिनय उसना होता असं कुणी म्हणेल का? लेखकाचं वाक्य नटाच्या तोंडी येताना नटाचं होतं, हे आपण सहज मानतो. मग नृत्यदिग्दर्शकाचं पाऊल नटीच्या अंगात येताना तिचं होतं, हे मानायला काय अडतं? आवाजाचंही तेच. दुसऱ्या बाईचा श्वास, दुसऱ्या बाईच्या हरकती आपल्या चेहऱ्यावर अशा उतरवायच्या की बघणाऱ्याला दोन माणसांचा संशयही येऊ नये. याला कमी कौशल्य लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आरशासमोर उभं राहून एक अंतरा करून बघावा.

शिवाय याचा पडताळा इंडस्ट्रीनेच आपल्यासमोर ठेवला आहे. २०१८ मध्ये 'बागी २'साठी 'एक दो तीन' पुन्हा चित्रित झालं. चाल ओळखीची, आकडे तेच, वेशभूषेतही जुन्या गाण्याची आठवण करून देणाऱ्या खुणा. पैसा आणि तंत्र १९८८ च्या कितीतरी पुढचं. तरी ते गाणं लोकांच्या मनात बसलं नाही, उलट अनेकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. दोष नाचणारीच्या मेहनतीचा नव्हता. त्या गाण्यात मोहिनीच नव्हती. तिथे कुणी कुणाची वाट बघत नव्हतं, मोजायला कारण नव्हतं, म्हणून आकडे नुसते आकडे राहिले. जुन्या गाण्यात नुसती पावलंच असती, तर पावलं पुरली असती.

नजरेच्या मुद्द्यावर मात्र मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, आणि द्यायचा आवही आणणार नाही. 'धक धक करने लगा' किंवा 'चोली के पीछे' यांतला कॅमेरा कुठे रेंगाळतो हे दिसतं. तो कुणासाठी रेंगाळतो हेही कळतं. 'चोली के पीछे'वर १९९३ मध्ये अश्लीलतेचे आरोप झाले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्या वादात एक गोष्ट फार कमी बोलली गेली. 'खलनायक'मधली गंगा ही पोलीस अधिकारी आहे आणि बल्लू या गुन्हेगाराच्या टोळीत शिरण्यासाठी तिने नाचणारीचं सोंग घेतलं आहे. म्हणजे माधुरी एका अशा बाईचं काम करते आहे, जी स्वतः दुसऱ्या बाईचं काम करते आहे, आणि पकडली गेली तर जिवावर बेतणार आहे. गाणं त्या सोंगाचा भाग आहे. कॅमेऱ्याला त्यात रस नसेलही, पण नटीला होता. चेहऱ्यावरची ओढणी सरते तेव्हा डोळ्यांत जी सावध चमक दिसते ती गंगाची आहे, नाचणारीची नाही. बाईला वस्तू करणाऱ्या चौकटीत राहून तिने व्यक्ती जिवंत ठेवली, असं मी म्हणते. चौकट चांगली होती असं म्हणत नाही. आणि आपल्या प्रतिमेकडे ती लांबून बघू शकत होती, याचा पुरावा सुधीर मिश्रा यांचा 'धारावी' आहे. त्यात ओम पुरींचा टॅक्सीवाला झोपडपट्टीतल्या घुसमटीत माधुरीची स्वप्नं बघतो, आणि त्या स्वप्नांत माधुरी स्वतः येते. लोकांच्या मनातली आपण म्हणजे नेमकं काय, हे समजल्याशिवाय कुठली स्टार नटी ती भूमिका घेईल?

नाच आणि अभिनय यांची ही फारकत केवळ नाट्यशास्त्र विसरल्यामुळे झालेली नाही. तिच्या मुळाशी जुनी लाज आहे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. ज्यांना समाज आधीच नाचणाऱ्या-गाणाऱ्या म्हणून हिणवत होता, त्या बायकाही कॅमेऱ्यासमोर यायला तयार होईनात. शेवटी अण्णा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या, पण 'चांगल्या घरच्या' बाईचा प्रश्न सुटला नव्हता. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेव्हा एका प्रतिष्ठित घरातली बाई सिनेमात आली याचीच चर्चा झाली. म्हणजे प्रतिष्ठा आली ती अशी: कुलीन बाई बोलते, संयमाने उभी राहते, दुःख सोसते, आणि तिच्या त्या उभं राहण्याला अभिनय म्हणतात. नाचणं उरलं दुसरीकडे, कलावंतिणीकडे, कोठ्यावर, फडावर. सुलोचनादीदींची सोशीक वहिनी आणि हंसा वाडकरांची फडावरची बाई, या दोघींकडे बघण्याच्या आपल्या दृष्टीत आजही हा फरक शिल्लक आहे. माधुरी अंधेरीतल्या मराठी मध्यमवर्गीय घरातली, लहानपणापासून कथक शिकलेली, मायक्रोबायोलॉजीपर्यंत पोचलेली मुलगी. तिचा आपल्याला अभिमान वाटतो, कारण ती 'आपल्यातली' आहे. पण तिने जे केलं त्याला कला म्हणताना जीभ अडखळते. मग आपण तिचं हसू गौरवतो, तिचा साधेपणा गौरवतो, तिच्या संसाराचं कौतुक करतो. तिच्या कामाबद्दल बोलायची वेळ आली की 'नाच सोडला तर' अशी सुरुवात करतो. (मराठी चित्रपटात ती २०१८ च्या 'बकेट लिस्ट'पर्यंत आली नाही, ही तक्रार वेगळी आहे. ती मला बरीचशी पटते, पण तिचा इथे संबंध नाही.)

ही लाज पुरस्कारांच्या नावांतही मुरली आहे. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या 'देवदास'मध्ये वैजयंतीमालाने चंद्रमुखी केली. फिल्मफेअरने तिला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला आणि तिने तो नाकारला. माझी भूमिका पारोच्या भूमिकेपेक्षा कमी नाही, असं तिचं म्हणणं होतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी संजय लीला भन्साळींच्या 'देवदास'मधली तीच चंद्रमुखी माधुरीने केली आणि तिलाही फिल्मफेअर मिळालं ते सहायक अभिनेत्रीचंच. घरातली पारो मुख्य, कोठ्यावरची चंद्रमुखी सहायक. देवदास सर्वाधिक बोलतो कुणाशी, शेवटच्या दिवसांत त्याला सांभाळते कोण, याचा विचार ना १९५० च्या दशकात झाला, ना २००३ मध्ये.

आणि स्मिता पाटील? तिचं नाव या वादात माधुरीला मारायला काठी म्हणून वापरलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्मिताला पहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते 'भूमिका'साठी. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला हा चित्रपट सुरू होतो तो स्मिताच्या नाचाने. शूटिंगच्या सेटवर, भडक पोशाखात ती नाचते आहे. त्या नाचात उषाचा थकवा आहे, बेदरकारपणा आहे, आणि कॅमेरा बंद झाल्यावरच्या आयुष्याची चाहूल आहे. कुणी म्हणतं का, की 'भूमिका'तून तो नाच वजा करा आणि मग स्मिताला गुण द्या? म्हणत नाही, कारण चित्रपट श्याम बेनेगलांचा आहे आणि त्यात नाचाला अर्थ आहे याची खात्री आपल्याला आधीच दिलेली असते. फरक दिग्दर्शकाच्या हेतूत आहे, हे मी मान्य करते. बेनेगलांनी स्मिताला तो अर्थ पटकथेतच दिला होता. माधुरीला तो बऱ्याचदा स्वतः शोधून काढावा लागला, कधी गाण्याच्या दोन ओळींमध्ये, कधी क्लोजअपच्या तीन सेकंदांत. 'हम आपके हैं कौन'मधलं 'दीदी तेरा देवर दीवाना' हे गाणं तक्रारीचं आहे. बहिणीच्या डोहाळजेवणात निशा सगळ्या बायकांसमोर बहिणीच्या दिराची चुगली करते. पण बघणाऱ्या प्रत्येकाला कळतं की ही तक्रार नाही, प्रेमाची कबुली आहे. जी गोष्ट निशाने अजून स्वतःशीही नीट कबूल केलेली नाही, ती माधुरी आपल्याला सांगून टाकते, तेही भरल्या घरात, हसत, ठेक्यात. हा चित्रपट मुंबईच्या लिबर्टी थिएटरात शंभरहून जास्त आठवडे चालला. एवढी माणसं पुन्हा पुन्हा केवळ पावलं बघायला गेली नव्हती. पावलंच पुरेशी असती तर २००७ चा 'आजा नचले'ही चालायला हवा होता. त्यात नाच भरपूर होता.

बोलण्यातला अभिनयही तिच्याकडे होताच. 'लज्जा'मध्ये जानकी नावाची नाटकातली नटी रामलीलेत सीता करते आणि अग्निपरीक्षेच्या प्रसंगात लिहून दिलेली वाक्यं सोडून स्वतःचं बोलू लागते. तो प्रसंग कुठल्याही मोठ्या नटीने अभिमानाने दाखवावा असा आहे. पण मी साक्ष काढायची झाली तर 'लज्जा'ची काढणार नाही. 'काहे छेड'ची काढेन.

देवदास पहिल्यांदा चंद्रमुखीच्या कोठ्यावर येतो तेव्हाची ही ठुमरी. नृत्य पंडित बिरजू महाराजांनी बसवलेलं, आणि गाण्यात कविता कृष्णमूर्ती आणि महाराजांबरोबर माधुरीचा स्वतःचा आवाजही आहे. प्रसंग कथकमधला जुना, शेकडो वेळा केलेला. दह्याने भरलेली मटकी घेऊन ती वाटेने चालली आहे, मागे चाहूल लागते, काळीज धडधडतं, श्याम वाट अडवतो. मटकी नाही, वाट नाही, श्याम नाही. आहे ती फक्त एक बाई, आणि समोर तिच्याकडे तुच्छतेने बघणारा पुरुष. ती राधा होते, मग छेड काढणारा कृष्ण होते, मग पुन्हा राधा. आणि या सगळ्याच्या खाली ती चंद्रमुखी असते. आयुष्यभर पुरुषांनी वाट अडवलेली, आणि लटक्या रागाने 'का छेडतोस' म्हणायची सवय झालेली. आज मात्र जो समोर बसलाय तो छेडत नाही, बघतही नाही, आणि हे तिला नवीन आहे. चाहूल लागल्यावर ती थबकते, मान जराशी वळते, आणि मटकी धरलेला रिकामा हात जागच्या जागी थांबतो.